धागा तुटताच थांबणारा माग आणि टोयोटाचे नाव

आखाती देशांत रोजगारासाठी गेलेल्या कोकणातल्या माणसाला टोयोटा हे नाव नवे नाही. वाळवंटात धावणारी लँड क्रूझर आणि सामान वाहणारी हायलक्स या दोन गाड्यांनी तिकडे अशी पत मिळवली की गाडी म्हणजे टोयोटा, असे समीकरणच झाले. आपल्याकडे क्वालिस आणि तिच्यामागून आलेली इनोव्हा टॅक्सीवाल्यांच्या पसंतीस उतरली. पण हे नाव ज्या घराण्याचे आहे त्याचा मूळ धंदा मोटारीचा नव्हता, मागाचा होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांना तर ही हकीकत आपल्याच धंद्यातली वाटेल. म्हणून या वेळी आम्ही या कंपनीची माहिती थोड्या विस्ताराने देत आहोत. तिने नाव कसे मिळवले आणि ते दोनदा कसे धोक्यात घातले, या दोन्ही बाजू आम्हाला सांगायच्या आहेत.

सुताराच्या घरातील कारागीर

साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ साली जपानमधील एका खेड्यात, सुताराच्या घरी झाला. शिक्षण बेताचेच. खेड्यातील बायका हातमागावर कापड विणत आणि दिवसभर राबूनही थोडेच कापड निघे, हे ते लहानपणापासून पाहत होते. वडिलांचे सुतारकाम शिकता शिकता त्यांनी मागात सुधारणा करायला सुरुवात केली. १८९१ मध्ये त्यांना लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले आणि पुढे १८९६ मध्ये त्यांनी वाफेवर चालणारा यंत्रमाग तयार केला.

या यंत्रमागात एक लहानशी सोय होती. बाण्याचा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबे. १९२४ मध्ये पुत्र कीइचिरो यांच्यासह त्यांनी पूर्ण स्वयंचलित माग सिद्ध केला. त्यात माग चालू असतानाच धोटा बदलला जाई आणि ताण्याचा किंवा बाण्याचा कोणताही धागा तुटला तर माग उभा राही.

याचे महत्त्व मागवाल्याला वेगळे सांगायला नको. धागा तुटलेला असताना माग चालतच राहिला तर कापडात खोट येते, आणि ती लक्षात येईपर्यंत कित्येक वार माल खराब झालेला असतो. म्हणून प्रत्येक मागावर डोळ्यात तेल घालून माणूस उभा करावा लागतो. माग स्वतःच थांबू लागला तेव्हा एका कामगाराला अनेक माग सांभाळता येऊ लागले आणि खराब मालही निघेना. १९२६ मध्ये या मागांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. १९२९ मध्ये तर इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने या मागाचे हक्क घेण्यासाठी १ लाख पौंडांचा करार केला. ज्या इंग्लंडने जगाला यंत्रावरचे विणकाम शिकवले, त्याच इंग्लंडने जपानी सुताराच्या मुलाची विद्या पैसे मोजून घेतली!

मागाकडून मोटारीकडे

या कराराच्या निमित्ताने कीइचिरो अमेरिका आणि इंग्लंडला गेले आणि तेथील मोटारधंदा पाहून आले. १९३० मध्ये साकिची यांचे निधन झाले. १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग निघाला, १९३५ मध्ये पहिला ट्रक बाजारात आला आणि १९३६ मध्ये पहिली प्रवासी मोटार विक्रीला आली. २८ ऑगस्ट १९३७ रोजी स्वतंत्र मोटार कंपनी स्थापन झाली. नाव ठरवण्यासाठी १९३६ मध्ये लोकांकडून चिन्ह मागवण्यात आले होते. त्यातून ‘तोयोदा’ऐवजी ‘टोयोटा’ हा उच्चार निवडला गेला. जपानी लिपीत तो आठ फटकाऱ्यांत लिहिला जातो आणि आठ हा आकडा तिकडे भरभराटीचा समजतात.

पहिले ट्रक चांगले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. ते वारंवार बिघडत. कंपनीने गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडले नाही. बिघडलेल्या ट्रकपाशी माणसे पाठवून दुरुस्ती करून दिली आणि कोणता भाग का मोडला याची नोंद कारखान्यात आणून तो भाग सुधारला. पुढे या कंपनीचे जे नाव झाले त्याची सुरुवात या वाईट मालाच्या निस्तरण्यातच झाली, असे आम्हाला वाटते.

१९५० चा फटका

महायुद्धानंतर जपानमध्ये सरकारने चलनवाढ रोखण्यासाठी कडक धोरण अवलंबले. पैसा आटला, उधारीवर दिलेल्या ट्रकचे हप्ते थकले आणि टोयोटा दिवाळखोरीच्या दारात जाऊन पोहोचली. बँकांनी कर्ज दिले, पण अटी घातल्या. विक्रीचा विभाग वेगळा करून त्याची स्वतंत्र कंपनी करावी लागली. कामगार कमी करावे लागले. संप झाला. सुमारे दोन हजार माणसे कामावरून गेली आणि जून १९५० मध्ये स्वतः कीइचिरो यांनी अध्यक्षपद सोडले. कामगारांना घरी पाठवून मालकाने खुर्चीवर बसून राहावे, हे त्यांना पटणारे नव्हते. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध सुरू झाले, अमेरिकन सैन्याकडून ट्रकच्या मोठ्या मागण्या आल्या आणि कंपनी वाचली. कीइचिरो यांना मात्र पुढचा काळ पाहता आला नाही. १९५२ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी ते वारले.

या फटक्याने कंपनीला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, धंदा शक्यतो स्वतःच्या पैशावर करावा. पुढील अध्यक्ष ताइझो इशिदा मागाच्या कारखान्यातून आलेले, हिशेबाला काटेकोर. कर्जाच्या आधाराने धंदा फुगवायचा नाही, हे धोरण त्यांनी रुजवले. दुसरी, न विकलेला माल म्हणजे अडकलेला पैसा.

गोदाम रिकामे, काम चालू

एइजी तोयोदा १९५० मध्ये फोर्डचा अमेरिकेतील कारखाना पाहायला गेले. तेव्हा फोर्ड दिवसाला सुमारे ८,००० गाड्या काढी, टोयोटा अवघ्या ४०. एवढी यंत्रे, एवढी गोदामे, एवढे भांडवल टोयोटापाशी नव्हते. तेव्हा नक्कल करून भागणार नाही, आपल्या ऐपतीची पद्धत शोधावी लागेल, हे उघड झाले.

ती पद्धत घडवली ताइची ओनो यांनी. हे गृहस्थही तोयोदांच्या कापड कारखान्यातून मोटारीकडे आलेले. अमेरिकेतील मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक फळीवरून जेवढे उचलते तेवढेच दुकानदार पुन्हा मांडतो. ओनो यांनी हाच नियम कारखान्याला लावला. पुढच्या कामगाराने सुटे भाग उचलले की सोबतची चिठ्ठी मागच्या विभागाकडे जाते, आणि त्या चिठ्ठीवर लिहिले असतील तेवढेच भाग नवे बनतात. या चिठ्ठीला जपानीत ‘कानबान’ म्हणतात. त्यामुळे माल साठवायला जागा लागत नाही आणि पैसा अडकत नाही. खोट असेल तर तीही लगेच कळते, कारण सदोष भाग गोदामात महिनोन् महिने लपून राहू शकत नाही.

दुसरा नियम थेट साकिचींच्या मागातून आला. जोडणीच्या रांगेत प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी टांगलेली असे. काही चुकते आहे असे दिसले की त्याने ती ओढायची. मुकादम धावत येई. अडचण लगेच सुटली नाही तर सगळी रांग थांबे. शेकडो माणसांचे काम एका साध्या कामगाराने थांबवायचे, हे इतर कारखानदारांना वेडेपणाचे वाटले. पण सदोष गाडी पुढे सरकवून नंतर दुरुस्त करण्यापेक्षा हे स्वस्त पडते, असा टोयोटाचा अनुभव होता.

तिसरा नियम चौकशीचा. यंत्र बंद पडले तर ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारायचा. ओनो यांनी दिलेले उदाहरण असे : यंत्र का थांबले? जास्त भार येऊन फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला तेल कमी मिळाले. तेल का कमी पडले? पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का झिजला? जाळी नसल्याने धातूचा कीस आत गेला. नुसता फ्यूज बदलला असता तर तो पुन्हा उडाला असता. जाळी बसवल्यावर दुखणे मुळापासून गेले. आपल्या गॅरेजच्या किंवा मागाच्या शेडमधील मिस्त्रीलाही हा हिशेब लागू पडतो, आणि त्याला एक पैसा खर्च येत नाही.

परदेशी बाजार

१९५७ मध्ये टोयोटाने आपली क्राउन ही मोटार अमेरिकेत नेली. जपानच्या खडबडीत, संथ रस्त्यांसाठी बनलेली ही गाडी अमेरिकेच्या वेगवान महामार्गांवर तापू लागली, धापा टाकू लागली. १९५८ मध्ये तेथे केवळ २८७ क्राउन विकल्या गेल्या. १९६० मध्ये कंपनीने प्रवासी मोटारींची ही निर्यात थांबवली. तेथील रस्ते आणि गिऱ्हाइकाची गरज समजून घेऊन १९६५ मध्ये कोरोना ही नवी गाडी नेली, ती चालली. १९६६ मध्ये आलेली कोरोला तर २०२१ पर्यंत ५ कोटींहून अधिक खपली. १९७३ मध्ये तेल महागले आणि कमी इंधनावर चालणाऱ्या जपानी गाड्यांना अमेरिकेत मागणी वाढली.

अरबस्तानातील कथाही आपल्या व्यापारी बांधवांनी लक्षात घेण्यासारखी आहे. जेद्दा येथे १९४५ मध्ये अब्दुल लतीफ जमील यांनी एका पेट्रोल पंपापासून धंदा सुरू केला. १९५५ मध्ये त्यांनी टोयोटाची एजन्सी घेतली, तेव्हा या कंपनीला जपानबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते. पुढे हीच पेढी टोयोटाच्या जगातील मोठ्या वितरकांपैकी एक ठरली. गाडीबरोबर सुटे भाग आणि दुरुस्ती मिळाली तरच वाळवंटात गिऱ्हाईक टिकते, हे दोन्ही बाजूंनी ओळखले होते.

१९८९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत लेक्सस ही उंची मोटार आणली. काही महिन्यांतच मोजक्या तक्रारी आल्या. कंपनीने विकलेल्या सुमारे ८,००० गाड्या परत तपासल्या. गाड्या मालकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन, पेट्रोल भरून परत आणून दिल्या. चूक झाकण्याऐवजी आपण होऊन कबूल केल्याने नाव गेले नाही, उलट वाढले.

नाव धोक्यात

पण हीच कंपनी पुढे घसरली. २००८ मध्ये तिने जनरल मोटर्सला मागे टाकून विक्रीत जगात पहिला क्रमांक घेतला. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत एका लेक्ससचा वेग आवरेना, आणि अपघातात चार जण ठार झाले. पायाखालील चटईत पेडल अडकल्याचे निष्पन्न झाले. काही गाड्यांची पेडलेच चिकटत होती. लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत दोष असल्याचा संशयही होता, तो २०११ मधील सरकारी तपासणीत सिद्ध झाला नाही. साकिचींचे पणतू आणि तेव्हाचे अध्यक्ष अकिओ तोयोदा यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे क्षमा मागितली आणि कंपनी फार वेगाने वाढली, असे कबूल केले. तरी गिऱ्हाइकांना दोषाची खरी माहिती न दिल्याबद्दल २०१४ मध्ये १२० कोटी डॉलरचा दंड भरावाच लागला. पेडलचा दोष दुरुस्त होण्यासारखा होता. दंड झाला तो लपवाछपवीचा.

त्यानंतरही धडा पुरता उतरला नाही. २०२२ मध्ये हिनो, २०२३ मध्ये दाइहात्सू या समूहातील कंपन्यांनी चाचण्यांत गैरप्रकार केल्याचे उघड झाले. जानेवारी २०२४ मध्ये तर डिझेल इंजिनांच्या चाचणीत फेरफार केल्याचे निघाले ते खुद्द साकिचींनी स्थापलेल्या मागाच्या कारखान्यात! वेळेत काम संपवण्याचे दडपण आणि वरिष्ठांना अडचण सांगण्याची भीती, ही कारणे या चौकशांतून पुढे आली. दोरी होती, पण ती ओढायला हात धजले नाहीत.

आपण काय घ्यावे

भारतात या कंपनीने १९९७ मध्ये किर्लोस्कर समूहाशी भागीदारी करून बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना काढला. छत्रपती संभाजीनगर येथे नवा कारखाना काढण्यासाठी महाराष्ट्र शासनाशी जुलै २०२४ मध्ये करार झाला. असे कारखाने येतात तेव्हा त्यांच्याभोवती सुटे भाग, वेल्डिंग, प्रेसकाम, गाद्यांची शिलाई, पॅकिंग अशी कामे निघतात. ती मिळवायची असतील तर मोठ्या शेडपेक्षा वेळेवर आणि निर्दोष माल देण्याची सवय अधिक उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे.

आपल्या कारखान्यांत सहसा उलट घडते. कारागिराला खोट दिसते, पण मालक ओरडेल म्हणून तो गप्प बसतो. माल जातो, परत येतो, पैसे कापले जातात आणि मग भांडण होते. यावर उपाय यंत्राचा नाही, मालकाच्या वागणुकीचा आहे. खोट दाखवणाऱ्या पोराला शाबासकी द्या, त्याची रोजंदारी कापू नका. परत आलेल्या प्रत्येक नगाची वहीत नोंद ठेवा आणि त्यापुढे कारण लिहा. ऑर्डर किती घ्यायची हे गोदाम पाहून नव्हे, हातून चांगला माल किती निघतो ते पाहून ठरवा. मालात दोष राहिला असेल तर गिऱ्हाइकाने सांगण्याआधी आपण सांगा. १९८९ मध्ये टोयोटाने हेच केले तेव्हा तिची पत वाढली, आणि पुढे हेच केले नाही तेव्हा तिला दंड भरावा लागला. एवढ्या बड्या कंपनीला जे चुकले नाही, ते चार मागांच्या किंवा एका गॅरेजच्या धन्यालाही चुकणार नाही.