विश्लेषण: असेंबल्ड पीसी अचानक का बंद पडतो? तापमानाच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा?

गेम रंगात आलेला असतो किंवा व्हिडिओ रेंडर व्हायला पाचच मिनिटं उरलेली असतात आणि एकदम स्क्रीन काळी होते. पंखे थांबतात, कॅबिनेटमधले दिवे विझतात. घरातली लाइट मात्र सुरूच असते. पुन्हा बटण दाबलं की पीसी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतो.

कंपनीचा तयार पीसी असेल तर सर्व्हिस सेंटरला फोन करता येतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन एकेक पार्ट घेऊन घरी जोडलेल्या पीसीचं तसं नसतं. प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते आणि दोष कशात आहे, हे आधी मालकालाच शोधावं लागतं. अंदाज चुकला की हजारो रुपयांचं नवं ग्राफिक्स कार्ड येतं आणि पीसी पुन्हा तसाच बंद पडतो.

म्हणूनच पार्ट बदलण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. पीसी नेमका कसा बंद पडतो आणि त्याची तब्येत दाखवणारे आकडे खरे आहेत का?

बंद पडण्याची पद्धत काय सांगते?

सगळे 'शटडाऊन' सारखे नसतात. एका क्षणात सगळं विझलं, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा अतिउष्णतेवर जातो. आधी गेम अडखळू लागला, पंख्यांचा आवाज वाढला आणि मग पीसी बंद पडला, तर उष्णतेची शक्यता जास्त. निळी स्क्रीन येऊन पीसी रीस्टार्ट झाला, तर रॅम, ड्रायव्हर किंवा ओव्हरक्लॉकिंगकडे आधी पाहावं लागतं. स्क्रीन गोठली पण पंखे फिरतच राहिले, तर तो शटडाऊन नसून हँग आहे.

आणखी एक खूण आहे. बंद पडल्यावर पॉवर बटण दाबूनही पीसी सुरू होत नाही, पण मागचा स्विच बंद-चालू केला की लगेच सुरू होतो. असं होत असेल तर बहुधा एसएमपीएसने, म्हणजे पॉवर सप्लायने, स्वतःच्या संरक्षणासाठी वीज तोडलेली असते.

विंडोजमध्ये दिसणारा 'कर्नल-पॉवर ४१' हा एरर काय असतो?

विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये सिस्टिम लॉग उघडला की अशा वेळी बहुतेकदा 'कर्नल-पॉवर, इव्हेंट आयडी ४१' ही नोंद सापडते. 'पॉवर' हा शब्द वाचून अनेक जण थेट नवा एसएमपीएस मागवतात. पण ही नोंद कारण सांगत नाही. मागच्या वेळी पीसी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढाच तिचा अर्थ. प्लग ओढला तरी तीच नोंद होते.

उपयोगाची माहिती तिच्या 'डिटेल्स' भागात असते. तिथे 'बगचेक कोड' शून्य नसेल, तर निळी स्क्रीन येऊन गेलेली असते आणि तो कोड शोधाची दिशा देतो. कोड शून्य असेल, तर विंडोजला काही लिहून ठेवायला वेळच मिळालेला नसतो. म्हणजे वीज तुटली किंवा पीसी पूर्ण हँग झाला. याउलट 'इव्हेंट आयडी १०७४' दिसला, तर अपडेटने, एखाद्या प्रोग्रॅमने किंवा वापरणाऱ्यानेच पीसी रीतसर बंद वा रीस्टार्ट केलेला असतो.

किती तापमान म्हणजे जास्त?

आजचे प्रोसेसर गरम झाल्याबरोबर बंद पडत नाहीत. आधी ते स्वतःचा वेग कमी करतात. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरसाठी ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर तर ९५ अंशांपर्यंत चालतील अशाच बेताने बनवले आहेत. वेग कमी करूनही तापमान वाढत राहिलं, तरच प्रोसेसर वीज तोडायला लावतो.

त्यामुळे पूर्ण लोडवर ८५ अंश दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. पण काहीही न करता ७०-८० अंश दिसत असतील, तर कूलर तपासायलाच हवा. घरी जोडलेल्या पीसीत काही चुका नेहमीच्या आहेत: कूलरखालची प्लॅस्टिक फिल्म तशीच राहणं, स्टॉक कूलरची एखादी पिन नीट न बसणं, थर्मल पेस्ट सुकणं किंवा लिक्विड कूलरच्या पंपाची वायर न जोडणं.

उन्हाळ्याचाही हिशोब धरावा लागतो. एअर कूलर खोलीतल्याच हवेने प्रोसेसर थंड करतो. खोली १० अंशांनी तापली, तर तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण तितकाच जास्त तापतो. डिसेंबरमध्ये नीट चालणारा पीसी मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपुरात बंद पडू लागला, तर पार्ट खराब झाला असेलच असं नाही. फिल्टरमध्ये साचलेली धूळही कारण असू शकते.

तापमान ठीक असूनही पीसी का बंद पडतो?

इथे एसएमपीएसचा विषय येतो. ताकदवान ग्राफिक्स कार्ड सतत एकसारखी वीज घेत नाही. सेकंदाच्या अगदी छोट्या अंशासाठी ते सरासरीच्या कितीतरी पट वीज ओढू शकतं. ही उसळी सोसली नाही, तर एसएमपीएस वीज तोडतो. यामुळेच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांसाठी आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा, अशी अपेक्षा ठेवण्यात आली.

मॉनिटरिंग सॉफ्टवेअर मात्र साधारण एक-दोन सेकंदांतून एकदाच आकडा वाचतं. त्यामुळे ही उसळी त्यात दिसतच नाही. 'फक्त ३०० वॅट जात होते, तरी बंद पडला' या तक्रारीचं उत्तर अनेकदा इथेच असतं.

यूपीएसबाबतही गल्लत होते. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. घरगुती वापराच्या अशा अनेक यूपीएसची क्षमता ३६० वॅटच असते. लाइट क्षणभर गेली आणि त्याच वेळी गेम सुरू असेल, तर यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद पडतो आणि खापर पीसीवर फुटतं.

सेन्सर खोटं बोलू शकतो का?

सेन्सर बरोबर असतो, पण सॉफ्टवेअर त्याचा अर्थ चुकीचा लावू शकतं. व्होल्टेज, पंख्यांचा वेग आणि बोर्डचं तापमान मदरबोर्डवरची एक वेगळी चिप मोजते. तिच्या कोणत्या पिनला काय जोडायचं, हे बोर्ड बनवणारी कंपनी ठरवते. सॉफ्टवेअरकडे त्या बोर्डची माहिती नसेल, तर ते अंदाज बांधतं. रिकाम्या पिनवर मग १२७ अंश किंवा चक्क शून्याखालचं तापमान दिसतं. १२ व्होल्टच्या जागी ८ व्होल्ट दिसत असतील आणि तरीही पीसी सुरू असेल, तर तो आकडाच चुकीचा आहे. खरोखर एवढे कमी व्होल्ट असते, तर पीसी चाललाच नसता. नेहमीच्या मानकानुसार ही लाइन ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये असावी लागते. खात्री करायची तर बायोसमधला आकडा पाहावा किंवा जाणकाराकडून मल्टिमीटरने मोजून घ्यावा.

कधी कधी तर कंपनीनेच मुद्दाम आकडा वाढवलेला असतो. २०१७ मध्ये आलेल्या रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरमध्ये दाखवलं जाणारं तापमान खऱ्यापेक्षा २० अंशांनी जास्त होतं. वेगवेगळ्या मॉडेलचे पंखे एकाच पद्धतीने चालावेत, हा त्यामागचा हेतू असल्याचं एएमडीने तेव्हा स्पष्ट केलं होतं. ज्यांना हे माहीत नव्हतं, त्यांना ६० अंशांवरचा प्रोसेसर ८० अंशांवर दिसत होता.

दोन मॉनिटरिंग सॉफ्टवेअर एकाच वेळी चालवली, तरी घोळ होतो. दोघंही एकाच चिपला प्रश्न विचारतात आणि उत्तरं एकमेकांत मिसळतात. आकडे अचानक उड्या मारतात, पंखे विनाकारण जोरात फिरतात. मदरबोर्ड कंपनीचं ॲप आणि दुसरं एखादं सॉफ्टवेअर सोबत सुरू असेल, तर आधी एक बंद करून पाहावं.

मार्च २०२५ मध्ये आणखी एक अडचण आली. विंडोज डिफेंडरने 'विनरिंग०' हा ड्रायव्हर धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली. या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची त्रुटी होतीच, पण फॅन कंट्रोलसारखी अनेक मॉनिटरिंग सॉफ्टवेअर त्यावरच चालत होती. अशा वेळी अँटिव्हायरस बंद करण्यापेक्षा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेणं शहाणपणाचं.

पीसी बंदच होत नसेल तर?

उलटी तक्रारही असते. शटडाऊन केलं, स्क्रीन गेली, पण पंखे फिरतच आहेत. विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे शटडाऊन पूर्ण होत नाही, सिस्टिमचा काही भाग हायबरनेट होतो. एखादा ड्रायव्हर त्यात अडकतो. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये हा पर्याय बंद करून पाहावा. बंद केलेला पीसी आपोआप सुरू होत असेल, तर बायोसमधलं 'वेक ऑन लॅन' तपासावं.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

१. सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप. वारंवार वीज तुटल्याने फाइल्स खराब होऊ शकतात.

२. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ ची नोंद आणि बगचेक कोड.

३. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड काढून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटवर.

४. बायोसमध्ये ओव्हरक्लॉकिंग आणि रॅमचं एक्सएमपी बंद.

५. एकच मॉनिटरिंग सॉफ्टवेअर, तेही आकडे फाइलमध्ये नोंदवणारं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ही सोय आहे. पीसी बंद पडण्याआधीची शेवटची ओळ खूप काही सांगते.

६. पीसी बंद करून, प्लग काढून सगळे कनेक्टर पुन्हा घट्ट बसवणं. ग्राफिक्स कार्डला दोन कनेक्टर लागत असतील, तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल.

७. कॅबिनेटच्या पॉवर बटणाची वायर काढून पाहणं. अडकलेलं बटण चार-पाच सेकंद दाबल्यासारखं राहिलं, तरी पीसी बंद पडतो.

८. एवढं करूनही प्रश्न सुटला नाही, तर मित्राचा एसएमपीएस लावून पाहणं. केबल मात्र त्याच एसएमपीएसच्या वापराव्यात. दुसऱ्या मॉडेलची केबल बसली, तरी तिच्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो आणि त्यात पार्ट जळू शकतात.

एसएमपीएस स्वतः उघडण्याचा प्रयत्न मात्र कधीच करू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

एका वेळी एकच बदल करायचा आणि त्यानंतर पीसी किती वेळ चालला ते लिहून ठेवायचं. पुढे वॉरंटीसाठी दुकानदाराशी बोलायची वेळ आलीच, तर 'पीसी बंद पडतो' या तक्रारीपेक्षा ती नोंद जास्त कामाला येते.