टीसीएसची बातमी वाचून गावाक येतास? आधी ह्यो हिशोब बघा

मागच्या व्हिडिओखाली आणि त्यानंतर फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. कोणी पुण्यात हिंजवडीला आहे, कोणी ऐरोलीला, कोणी बंगळुरूला. घर मालवण, देवगड, वेंगुर्ला, कणकवली. प्रश्न असा: "दादानू, आयटीचा काय खरा नाय. सोडून गावाक येव काय? होम स्टे टाकूक बरो?" तिकडून आईवडील विचारतात, मुलाला आता इंजिनिअरिंगला घालायचं की नाही. व्हिडिओत दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

सुरुवात बातमीपासून करू, कारण निम्म्या लोकांनी फक्त हेडलाइन वाचलेली असते.

२७ जुलै २०२५ ला टीसीएसने जाहीर केलं की या आर्थिक वर्षात साधारण दोन टक्के कर्मचारी कमी करणार. जूनअखेर त्यांच्याकडे ६ लाख १३ हजार माणसं होती, म्हणजे आकडा १२ हजारांच्या वर जातो. त्यातले बहुतेक मधल्या आणि वरच्या पदांवरचे. त्याच तिमाहीत कंपनीचा निव्वळ नफा होता १२,७६० कोटी. इथे आपली माणसं थांबतात आणि म्हणतात, "नफा असताना माणसं काढतात, म्हणजे एआयने खाल्ली." कंपनीचे सीईओ कृतिवासन यांनी सांगितलं की कारण एआय नाही, कौशल्य जुळत नाही आणि काही माणसांना पुढच्या कामावर लावता येत नाही, हे कारण आहे. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. सप्टेंबरअखेर संख्या ५ लाख ९३ हजारांवर आली. लगेच "वीस हजार काढले" अशा पोस्ट फिरल्या. पण त्यात स्वतःहून सोडून गेलेलेही आहेत. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यांनी कमी केलेले साधारण सहा हजार. दोन्ही आकडे खरे, पण अर्थ वेगळा. बातमीतला आकडा कशाचा आहे हे न बघता पुढे ढकलला की असं होतं.

आता "पुढच्या कामावर लावता येत नाही" म्हणजे काय, ते समजून घ्या. ही गोष्ट धंदा करणाऱ्याला नोकरदारापेक्षा लवकर कळते.

टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या कंपन्यांचा मूळ धंदा सॉफ्टवेअर विकण्याचा नाही. त्यांचं मुख्य उत्पन्न म्हणजे परदेशी ग्राहकाच्या कामावर माणसं लावायची आणि त्याचं बिल करायचं. ज्या माणसाचं बिल लागतं तो 'बिलेबल'. ज्याचं लागत नाही तो 'बेंच'वर. तारकर्लीला स्कूबावाल्याकडे सहा डायव्हर आहेत आणि मे महिना आहे, तर सहाही पाण्यात. जुलैत पाणी बंद, पण पगार चालू ठेवला तर ते सहाजण बेंचवर. आपल्याकडे मालक सरळ सांगतो, सप्टेंबरात ये. मोठी कंपनी तसं सांगू शकत नव्हती. ग्राहकाने अचानक पन्नास माणसं मागितली तर द्यायला हवीत, म्हणून ती बेंच पोसायची. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम बदलला: वर्षात किमान २२५ दिवस बिल लागलं पाहिजे, बेंचवर ३५ दिवसांच्या वर नको. माझ्या मते खरी बातमी ही होती. जुलैची बातमी तिच्या मागून आली. पण जूनमध्ये तिची एवढी चर्चा झाली नाही, कारण "२२५ दिवस" हा शब्द भीतीदायक वाटत नाही.

मधल्या पदांवर गदा का? आयटी कंपनीची रचना पिरॅमिडसारखी असते. खाली भरपूर फ्रेशर, पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास, आणि तो आकडा गेली कित्येक वर्षं फारसा हललेला नाही. वर थोडे. मध्ये बारा-पंधरा वर्षं काढलेले, पगार फ्रेशरच्या कितीतरी पट, आणि काम बऱ्याचदा इतरांच्या कामावर लक्ष ठेवणं, रिपोर्ट गोळा करणं. खानावळीत वाढपी चार आणि सुपरवायझर तीन झाले तर तुम्ही काय कराल? आणि एआय अजिबात कारण नाही हे मला पूर्ण पटत नाही. माणूस एआयने थेट काढला नसेल, पण ग्राहक आता म्हणतो, "तुमचं काम लवकर होतं ना, मग बिल कमी करा." बिल कमी झालं की महाग माणूस आधी दिसतो. ज्यांचं वय चाळीसच्या आसपास आहे, घराचा हप्ता चालू आहे, त्यांच्यासाठी हे सोपं नाही, आणि गावात बसून "आयटीवाल्यांका मस्ती इल्ली" म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं.

तर मग गावाला यावं का? होम स्टेचा हिशोब करूया. आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या वाडीत, तुमच्या रस्त्यावर काय चालतं ते तुम्ही घालून बघा.

दोन खोल्या, रात्रीला प्रत्येकी दोन हजार. हंगाम म्हणायला ऑक्टोबर ते मे. पण खोली भरते कधी? दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी, शनिवार-रविवार, आणि मे महिना. मंगळवारी-बुधवारी मालवणच्या बाजारात उभं राहून बघा, कळेल. दोन्ही खोल्या भरलेल्या अशा ९० रात्री धरू. नवीन माणसाला पहिल्या वर्षी तेवढ्याही मिळत नाहीत. ९० गुणिले दोन खोल्या गुणिले दोन हजार, झाले ३ लाख ६० हजार. त्यातून बुकिंग साइटचं कमिशन, लाइटबिल, चादरी धुणं, साफसफाईची बाई, पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी, खाऱ्या हवेने गंजलेला एसी. खर्च ४० टक्के धरला तर हातात २ लाख १६ हजार. महिन्याला १८ हजार.

आता खोल्या बांधायला दहा लाखांचं कर्ज घेतलं, सात वर्षांसाठी, दहा टक्क्यांनी. हप्ता येतो साधारण १६,६००. राहिले महिन्याला चौदाशे रुपये. आणि हप्ता जुलैमध्येही भरायचा असतो, किल्ल्याची होडी बंद असली तरी.

म्हणजे होम स्टे वाईट धंदा आहे का? अजिबात नाही. ज्याचं घर आहे, आई जेवण करते, वडिलांची वाडी आहे, त्याच्यासाठी हे वरचं उत्पन्न आहे आणि चांगलं आहे. पण महिना साठ-सत्तर हजारांच्या पगाराची जागा दोन खोल्या घेणार नाहीत. वरून पीएफ काढून बांधकाम करायचा विचार असेल तर मी स्पष्ट सांगतो, करू नका. पाच वर्षं सलग नोकरी पूर्ण व्हायच्या आत काढला तर त्यावर करही लागतो. नोकरी गेलीच तर पहिल्या महिन्यात काहीही बांधू नका. आधी कंपनीकडून काय काय मिळणार ते लेखी घ्या: नोटीस पिरियडचा पगार, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, अनुभवाचा दाखला. "राजीनामा द्या म्हणजे रेकॉर्ड चांगलं राहील" असं कोणी म्हणालं तर सही करायच्या आधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारा. राजीनामा आणि कपात यांत फरक असतो.

टीसीएसच्या बातमीवर एवढी चर्चा झाली, पण त्याच जुलैमध्ये आणखी एक बातमी होती. आपल्या गल्ल्यासाठी ती जास्त महत्त्वाची होती आणि माझ्याकडे त्यावर एकही फोन आला नाही.

कर्नाटकात जीएसटी खात्याने यूपीआयचे आकडे घेऊन छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. बेकऱ्या, चहावाले, भाजीवाले. हावेरीतल्या एका भाजीवाल्याला चार वर्षांच्या जमा रकमेवर २९ लाखांची मागणी आली, आणि ताज्या भाजीवर तर जीएसटी नाहीच. बंगळुरूत दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" असे कागद चिकटले. शेवटी सरकारने नरमाईची भूमिका घेतली. पण यातून काय घ्यायचं? रोखीकडे पळायचं नाही. पर्यटक रोख घेऊन येत नाही, तुम्ही यूपीआय बंद केलंत तर तो शेजारच्या दुकानात जाईल.

घ्यायचं ते हे. माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. उलाढाल म्हणजे नफा नाही, एकूण विक्री. काजू, कोकम, मसाला, खाजा विकणाऱ्या दुकानाची आठ महिन्यांच्या हंगामात दिवसाला सरासरी साडेसोळा-सतरा हजारांची विक्री झाली की ४० लाख होतात. बाजारपेठेतल्या बऱ्यापैकी चालणाऱ्या दुकानाला हे अशक्य नाही. त्यात आपली सवय अशी की क्यूआर घरच्या सेव्हिंग खात्याचा. त्याच खात्यात मुंबईच्या भावाने पाठवलेले पैसे, भिशी, होडीतला वाटा, सगळं येतं. उद्या कोणी विचारलं तर यातली विक्री कुठली आणि भावाचे पैसे कुठले, हे तुम्हालाच सिद्ध करायचं आहे. धंद्यासाठी वेगळं चालू खातं काढा आणि दुकानाचा क्यूआर त्यालाच जोडा. एका सकाळचं काम आहे. कंपोझिशन स्कीम घेणार असाल तर एक गोष्ट आधी तपासा: त्यात राज्याबाहेर माल विकता येत नाही. आपल्याला गोवा घरासारखा असला तरी म्हापशाच्या दुकानदाराला माल दिला की तो राज्याबाहेरच धरला जातो.

आता आयटीतून येणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे जे आहे त्याची किंमत तुम्हालाच कळत नाही असं मला वाटतं. तुम्ही कोडिंग करता म्हणून नव्हे. तुम्हाला ग्राहकाच्या मेलला वेळेत उत्तर द्यायची सवय आहे, तक्रार आली की नोंद करून ती बंद होईपर्यंत मागे लागायची सवय आहे, एक्सेल चालवता येतं. आपल्याकडे माल उत्तम असतो आणि फोन उचलत नाही, ही तर सगळ्या कोकणाची गोष्ट.

देवगडचं उदाहरण बघा. देवगड हापूस म्हणून दुसरीकडचा आंबा खपतो, ही जुनी तक्रार. २०१८ मध्ये हापूसला जीआय मिळालं, पण पेटीतला आंबा कुठला हे गिऱ्हाइकाला दिसणार कसं? २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक आंब्यावर वेगळा कोड असलेलं स्टिकर आणलं. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा आणि आंबा खरा का ते तपासायचं. यात नवीन अॅप डाउनलोड करायचं नाही, की लॉगिन करायचं नाही. याला मी तंत्रज्ञान म्हणतो. आता विचार करा, दहा-वीस बागायतदारांची स्टिकरची नोंद, पेट्यांचा हिशोब, पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांची यादी आणि "आंबा पिकला नाही" असा फोन आला की उत्तर देणं, हे काम कोण करणार? बागायतदार मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली असतो. हे काम नोकरी चालू ठेवून, घरून काम असेल तर एका हंगामात करून बघता येतं. भांडवल जवळजवळ नाही. सुरुवात तुमच्या स्वतःच्या काकांच्या पेट्यांपासून करा, आणि पैसे किती ते आधी ठरवून घ्या, काकांशीसुद्धा.

आईवडिलांसाठी एवढंच: इंजिनिअरिंग बंद करायची गरज नाही. फक्त "कॅम्पसमधून लागला की आयुष्य मार्गी" हे गणित आता धरू नका, आणि त्या भरवशावर मोठं शैक्षणिक कर्ज उचलू नका.

ज्यांना होम स्टेच करायचाय त्यांनी वरच्या गणितात आपल्या गावचे आकडे घाला: किती खोल्या, दर किती, खऱ्या भरलेल्या रात्री किती, हप्ता किती. फक्त "भरलेल्या रात्री" हा आकडा मनाने लिहू नका, शेजारच्या दोन होम स्टेवाल्यांना विचारून लिहा. कमेंटमध्ये टाका, नाव-गाव नसलं तरी चालेल. त्यातले तीन-चार हिशोब घेऊन पुढच्या व्हिडिओत फळ्यावर सोडवूया.