ठोके देऊन वाढवलेली रक्तवाहिनी

धाराशिवला डायलिसिसवर असलेल्या एखाद्याच्या हातातल्या फिस्टुलावर बोट ठेवून पाहा. कातडीखाली झिणझिण लागते. मनगटाजवळची रोहिणी थेट शिरेला जोडलेली असते. दाबाने येणाऱ्या रक्तामुळे शीर जाड होते आणि सुया सोसू लागते. ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही पहिली पसंती आहे. पण काहींच्या शिराच धड नसतात. मग प्लास्टिकची नळी बसवतात. तिला जंतुसंसर्ग होतो, तिच्यात गुठळी धरते, आणि सुईचं भोक काही भरून येत नाही.

मग रक्तवाहिनीच वाढवली तर? अमेरिकेतल्या लॉरा निक्लासन यांनी १९९९ मध्ये डुकराच्या पेशींपासून ती वाढवून दाखवली. विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात त्याच पदार्थाच्या जाळीवर स्नायूपेशी पेरल्या आणि जाळीला हृदयासारखे ठोके दिले. नुसतं खाद्य पुरवून भागत नाही. ताण बसला की पेशी कोलॅजन विणतात आणि भिंत मजबूत होते. जाळी हळूहळू विरून जाते.

पुढे माणसाच्या पेशी वापरून अशीच नळी तयार झाली. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटणार, म्हणून त्या शेवटी धुऊनच टाकतात. वाडा बांधायचा आणि गवंड्यांना बाहेर काढून तो रिकामा द्यायचा, असा हा अजब कारभार! उरते ६ मिलिमीटर व्यासाची निर्जीव नळी.

डिसेंबर २०१२ मध्ये पोलंडमध्ये ती प्रथम डायलिसिसच्या रुग्णाला बसवली. ६० रुग्णांचा अहवाल २०१६ मध्ये आला. वर्षभर कुठलीही दुरुस्ती न लागता चाललेल्या नळ्या जेमतेम २८ टक्के. दुरुस्त्या धरून ८९ टक्के. आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. डोळे विस्फारतात ते २०१९ च्या तपासणीने: काही रुग्णांमधून काढलेल्या तुकड्यांत रुग्णाच्याच पेशी राहायला आल्या होत्या, आणि सुयांच्या जखमा भरत होत्या!

युक्रेनच्या युद्धातल्या जखमींनाही ही नळी बसवली गेली, कारण तुटलेल्या रोहिणीच्या जागी लावायला पायातली शीर काढत बसायला तिथे वेळ नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने तिला परवानगी दिली, नळी फाटण्याच्या धोक्याचा ठळक इशारा छापायला लावून, आणि तीही फक्त हातापायांच्या जखमांत तुटलेल्या रोहिण्यांसाठी. ज्यांच्या हातांवर ती आधी तपासली गेली, त्या डायलिसिसच्या रुग्णांचा त्या परवानगीत समावेश नव्हता.