गोसावीपुऱ्याच्या तळघरातलं पाणी

आमच्या मांजरी गावापाशी मुळा-मुठा नदी येते, तेव्हा तिच्यात पुण्यातल्या नागझरीचंही पाणी असतं. याच नागझरीच्या काठी, सोमवार पेठेत, पेशवाईत गोसाव्यांची वस्ती होती. तिचं नाव गोसावीपुरा.

हे गोसावी दशनामी. गिरी, पुरी, भारती अशा दहा नावांचे संन्यासी. त्यांचे आखाडे शस्त्रं बाळगत, फौजेत लढत, शिवाय सावकारी करत आणि हुंड्याही वटवत.   गोसाव्यांची मिळकत गुरूकडून चेल्याकडे जाई. भावाभावांत वाटणी नाही, त्यामुळे भांडवल फुटत नसे.

त्या वैभवाची सर्वांत सुंदर खूण म्हणजे त्रिशुंड गणपतीचं देऊळ. इंदूरजवळच्या धामपूरच्या भीमगीरजी गोसाव्यांनी १७५४ साली काम सुरू केलं, ते १७७० मध्ये पुरं झालं. भिंतीवर संस्कृतबरोबर फारसी शिलालेख आहे. दर्शनी बाजूला साखळदंडानं जखडलेला गेंडा आणि गोरे शिपाई कोरलेत. गेंडा दख्खनचा प्राणी नव्हे. पण गोसाव्यांची ये-जा थेट बंगालपर्यंत होती, हे लक्षात घेतलं की तो इथं परका वाटत नाही.

हे सगळं कोरलंय काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्यातून सह्याद्री आणि दख्खनचं पठार घडलं. घट्ट थराचा दगड बारीक कणांचा असतो. म्हणून छिन्नीचा नाजूक घावही त्यावर स्वच्छ उमटतो आणि अडीचशे पावसाळ्यांनंतरही नक्षी टिकते.

देवळाखाली तळघर आहे, तिथं गोसावी गुरूंची समाधी. एरवी तिथं पाणी असतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून दर्शन खुलं करतात. भाविकांना यात नवल वाटतं, मला त्यात आपल्या खडकाचा स्वभाव दिसतो. घट्ट बेसॉल्ट स्वतःत पाणी जवळपास साठवत नाही. ते भेगांतून आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र, झिजलेल्या पट्ट्यांतून सरकतं. खोल खणलेली जागा मिळाली की तिथं झिरपून येतं. आपल्या विहिरी भरतात त्याही अशाच.

भोवती सिमेंट वाढतंय, बोअरवेल खोल जाताहेत. त्यानं हे झिरपणं किती बदलतंय ते कळायला हवं. या तळघरातली पाण्याची पातळी दर महिन्याला मोजून वहीत टिपून ठेवायला एक काठी पुरे. भूगोल शिकवणाऱ्या पुण्यातल्या शिक्षकांनी देवस्थानाच्या परवानगीनं ती नोंद मुलांकडून सुरू करून घ्यावी. येत्या गुरुपौर्णिमेलाच.