कारवान कुत्रा घरी पाळताना

लातूर-सोलापूर भागातला कारवान हा नजरेने सावज हेरून धावणारा शिकारी कुत्रा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे सशाची शिकार गुन्हा आहे. पण कुत्र्याच्या अंगातली धाव काही कायद्याने जात नाही. दिवसभर साखळीला बांधलेला कारवान चिडतो, पोराबाळांवर गुरगुरतो. दोष जातीचा नव्हे, बांधून ठेवण्याचा. सकाळ-संध्याकाळ त्याला कुंपणाच्या वावरात मनसोक्त पळू द्या. उघड्या माळावर मात्र सोडू नका. ससा दिसला की तो हाक ऐकत नाही, आणि गुन्हा मालकाच्या माथी येतो. कोंबड्या-करडांची ओळख पिलू असतानाच करून द्यावी.

बरगड्या दिसतात म्हणून पाहुणे नावं ठेवतील. ठेवू द्या! ही जात सडपातळच असते. भाकरीबरोबर अंडे किंवा मटणाचे तुकडे द्यावेत. शिजवलेले हाड नको, त्याची चीर आतड्यात रुतते. केस आखूड, म्हणून थंडीत गोणपाट अंथरावे.

पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. तरीही कुणाला चावलाच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.