घाम नेहमीचा की नवा?

आपल्या त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. शरीराचे तापमान राखणे हे त्यांचे काम. वयोमानानुसार त्या मंदावतात व उतारवयात घाम सहसा कमी होतो. म्हणूनच साठीनंतर तो एकाएकी वाढला, तर ‘उकाडाच फार’ असे म्हणून सोडून देऊ नये.

प्रथम पाहावे, हा घाम जुना की नवा? तरुणपणापासून तळहात, तळपाय, काखा यांना दोन्ही बाजूंनी घाम येत असेल आणि झोपेत तो थांबत असेल, तर त्या ग्रंथींना मज्जातंतूंची चेतना जास्त मिळते, असे समजावे. हा त्रास खरा, पण घातक नव्हे. ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण रात्री कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुतल्यास पुष्कळांना आराम पडतो. काखेतील घामावर बोट्युलिनमच्या इंजेक्शनाचा परिणाम काही महिने टिकतो. घाम कमी करणाऱ्या गोळ्यांनी मात्र ज्येष्ठांची लघवी अडणे, बद्धकोष्ठता किंवा भ्रम संभवतो. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत.

नव्याने सर्वांगाला सुटणारा, रात्री अंथरूण भिजवणारा घाम निराळा. त्यामागे थायरॉइडचा विकार, क्षयरोग, अन्य जंतुसंसर्ग, क्वचित कर्करोग असू शकतो. नैराश्यावरील काही औषधांनीही घाम वाढतो. औषध परस्पर बंद न करता सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

दोन प्रसंगी मात्र क्षणाचाही विलंब नको. मधुमेही व्यक्तीला घाम, थरथर, गोंधळलेपण जाणवल्यास लगेच साखर तपासावी. ती ७०च्या खाली असल्यास आणि व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. दुसरा प्रसंग गार घामाचा. सोबत छातीत दडपण, धाप, जबडा वा हात दुखणे असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वृद्ध मधुमेहींना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असे नाही. कधी केवळ घाम आणि गळाठा एवढेच दिसते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी घाम केव्हा, कोठे, कशानंतर येतो याची नोंद ठेवावी. आपली ही चार ओळींची वही डॉक्टरांना निदानाची वाट दाखवील.