वीस बाटांची गाडी आणि यादीतलं तिसरं नाव

थायलंडमध्ये सरकार पडलं की आम्हाला साताऱ्याहून फोन येतो. मोठे दीर काळजीने विचारतात, "रस्त्यावर रणगाडे वगैरे दिसतायत का गं?" आणि त्याच दमात, "मग आमच्या ग्रुपचं दिवाळीनंतरचं बुकिंग ठेवायचं की रद्द करायचं?" ठेवा, असं मी दर वेळी सांगते. १९ सप्टेंबर २००६ च्या रात्री बँकॉकमध्ये खरोखरच रणगाडे आले होते आणि लोकांनी त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले होते. आता तेवढाही तमाशा होत नाही. आता सरकार दुपारी तीन वाजता, कोर्टात, निकालपत्र वाचता वाचता पडतं.

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. सीलोम रस्त्यावरच्या आमच्या ऑफिसात मी महिनाअखेरचा हिशेब जुळवत होते. खड्यांच्या निर्यातीचा धंदा, त्यामुळे महिनाअखेरीला मान वर करायला वेळ नसतो. शेजारच्या टेबलावर पी ऑयने (इथे 'पी' म्हणजे ताई) मोबाइलवर घटना न्यायालयाचं थेट प्रक्षेपण लावलं होतं. पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा यांना सहा विरुद्ध तीन मतांनी पदावरून काढलं, हे कळल्यावर तिने ना उसासा टाकला, ना टाळी वाजवली. "म्हणजे वीस बाटांचं गेलं," एवढंच म्हणाली आणि इनव्हॉइसकडे वळली.

हे वीस बाटांचं प्रकरण सांगायला हवं, कारण या देशातली अनिश्चितता मला तिथे जितकी समजते तितकी संसदेच्या बातम्यांत समजत नाही. बँकॉकच्या विजेवरच्या गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, भाडंही वेगवेगळं. पी ऑय समुत प्राकानहून येते, २०२५ मध्ये एका बाजूला साठेक बाट पडत होते. बँकॉकमध्ये तेव्हा किमान मजुरी दिवसाला ४०० बाट होती आणि एक बाट म्हणजे साधारण पावणेतीन रुपये. तेव्हा तिच्याच भागातून येणाऱ्या आमच्या सफाईच्या बाईंचे ४०० पैकी १२० गाडीतच जायचे. सरकारने जाहीर केलं होतं की १ ऑक्टोबरपासून कुठलीही लाइन असो, कितीही लांब जा, वीस बाट. त्यासाठी सरकारी ॲपवर नाव नोंदवायचं. नोंदणी २५ ऑगस्टला सुरू झाली आणि त्याच शुक्रवारी पंतप्रधान गेल्या. ऑक्टोबर उजाडला, पी ऑयच्या फोनमध्ये नोंदणी तशीच होती, आणि फाटकावर साठ बाट कापले गेले.

पेतोंगतार्न यांना एक फोन भोवला. मे महिन्यात कंबोडियाच्या सीमेवर चकमक झाली, एक कंबोडियन सैनिक मेला. तणाव निवळावा म्हणून जूनमध्ये त्यांनी हुन सेन यांना फोन केला. हे कंबोडियाचे माजी पंतप्रधान, आता तिथल्या सिनेटचे अध्यक्ष, आणि पेतोंगतार्न यांचे वडील, थायलंडचे माजी पंतप्रधान थाक्सिन यांचे जुने दोस्त. बोलण्यात त्यांनी हुन सेनना काका म्हटलं आणि आपल्याच सैन्याच्या ईशान्येकडील सेनापतीला विरोधी गटातला ठरवलं. काकांनी ते सगळं रेकॉर्ड केलं आणि बाहेर सोडलं. देशाच्या पंतप्रधानाने असं बोलणं लाजिरवाणंच होतं, माझं त्यावर दुमत नाही. पण त्याचा जाब कुणी विचारायचा? मतदारांना तशी वेळच मिळाली नाही. १ जुलैला न्यायालयाने त्यांना निलंबित केलं, ऑगस्टअखेर काढून टाकलं.

थाक्सिन यांच्या गोटातला पंतप्रधान न्यायालयाने घालवण्याची २००८ पासूनची ही पाचवी वेळ. कारणं ऐकाल तर थक्क व्हाल. समक सुंदरवेज टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करायचे आणि पंतप्रधान झाल्यावरही त्याचं मानधन घेतलं, म्हणजे दुसरी नोकरी केली, म्हणून गेले. त्यांच्यामागून आलेले सोमचाय तीन महिनेही टिकले नाहीत, त्यांचा पक्षच बरखास्त झाला. २०१४ मध्ये थाक्सिन यांची बहीण यिंगलक गेल्या एका अधिकाऱ्याच्या बदलीवरून. ऑगस्ट २०२४ मध्ये स्रेथा थाविसिन गेले, कारण त्यांनी ज्या वकिलाला मंत्री केलं तो २००८ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात जाऊन आला होता. खाऊची म्हणून कोर्टात दिलेल्या पिशवीत वीस लाख बाट निघाले होते!

एकेक कारण सुटं पाहिलं तर पटण्यासारखं असतं. सगळी एकत्र पाहिली की प्रश्न पडतो. घटना न्यायालयात नऊ न्यायाधीश, त्यांच्या नेमणुकीला मंजुरी सिनेटची, आणि सिनेटवर जनता थेट कुणाला निवडून देत नाही. ही रचना २०१७ च्या राज्यघटनेची, आणि ती घटना २०१४ मध्ये सत्ता घेतलेल्या लष्करी राजवटीत लिहिली गेली. १४ मे २०२३ च्या निवडणुकीत सर्वांत जास्त, १५१ जागा मूव्ह फॉरवर्ड या तरुणांच्या पक्षाने जिंकल्या. त्यांचे नेते पिता लिमजारोनरात यांना तरीही पंतप्रधान होता आलं नाही, कारण तेव्हा नेमलेले २५० सिनेटरही मत देत होते. पुढे पक्षही बरखास्त झाला. राजाच्या अवमानाबद्दल तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा सांगणारं ११२ वं कलम बदलू, असं त्यांनी प्रचारात म्हटलं होतं. या कलमाविषयी मी इथे कुणाशी बोलत नाही, आणि माझ्याशीही कुणी बोलत नाही. टॅक्सीत राजकारणाचा विषय निघाला तर गाडी नेमकी कुठल्या वळणावर गप्प होते हे आता मला पाठ झालंय.

तर ऑगस्टअखेर खुर्ची रिकामी झाली. इथे एक नियम आहे, तो समजला की पुढचं सगळं समजतं. प्रत्येक पक्षाने निवडणुकीआधीच पंतप्रधानपदासाठी जास्तीत जास्त तीन नावं द्यायची, नंतर त्याच नावांतून निवड. फ्यू थाईची, म्हणजे थाक्सिन यांच्या पक्षाची, तीन नावं होती: स्रेथा, पेतोंगतार्न आणि चायकासेम नितिसिरी. पहिली दोन न्यायालयाने खोडली. मूव्ह फॉरवर्डचं एकच नाव होतं, पिता, आणि त्यांच्यावर दहा वर्षांची राजकारणबंदी. म्हणजे सभागृहात सर्वांत मोठा गट, १४३ खासदार, तेव्हा पीपल्स पार्टी या नव्या नावाने बसलेला, आणि त्यांच्याकडे उभं करायला माणूस नव्हता.

त्यांनी मग असा सौदा केला की आमच्या ऑफिसातही आठवडाभर भांडणं चालली. भूमजाईथाई पक्षाच्या अनुतिन चार्नविराकुल यांना मत द्यायचं, मंत्रिपदं घ्यायची नाहीत, विरोधी बाकांवरच बसायचं. बदल्यात अनुतिननी चार महिन्यांत सभागृह बरखास्त करायचं आणि नव्या घटनेची वाट मोकळी करायची. ५ सप्टेंबरला अनुतिन ३११ मतांनी निवडून आले. आदल्या रात्री थाक्सिन स्वतःच्या विमानाने दुबईला गेले. विमान कुठवर पोहोचलं हे पी ऑयचा मुलगा फोनवर बघत बसला होता. पण ८ तारखेला ते परतले, आणि ९ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वर्षभरासाठी तुरुंगात पाठवलं, कारण आधीची शिक्षा त्यांनी कोठडीऐवजी पोलीस हॉस्पिटलच्या खोलीत काढली होती.

अनुतिन हे बांधकाम व्यवसायातल्या घराण्यातले. चाओ फ्राया नदीकाठची नवी संसदेची इमारत त्यांच्याच घराण्याच्या कंपनीने बांधली. डिसेंबर २००८ मध्ये सोमचाय गेले तेव्हा काही दिवस हंगामी पंतप्रधान होते ते अनुतिन यांचे वडील. पण सामान्य माणसाला ते आठवतात गांजामुळे. आरोग्यमंत्री असताना त्यांनी जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. गल्लोगल्ली हिरव्या पानाच्या पाट्या लागल्या, लोकांनी कर्ज काढून दुकानं थाटली. जून २०२५ मध्ये भूमजाईथाई सरकारातून बाहेर पडला आणि काही दिवसांतच फ्यू थाईच्या आरोग्यमंत्र्यांनी हुकूम काढला की गांजाचं फूल फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाने पाटीवर आधी 'क्लिनिक' लिहिलं, मग कुलूप लावलं. आता गांजावाला माणूसच पंतप्रधान झालाय म्हटल्यावर कुलूप उघडायचं की नाही, हे त्या पोराला कळेना. मला गांजाचं काही कौतुक नाही. पण ज्याने परवाना काढून, भाडं भरून धंदा केला त्याने कुणाच्या भरवशावर करायचा?

आमच्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी एक फळवाली मावशी बसते. कच्चा आंबा, पेरू, सोबत तिखट-मीठ-साखरेची पुडी, आपल्यासारखीच. ती सुरिनची, कंबोडियाच्या सीमेजवळची. आयुष्यभर थाक्सिनच्या पक्षाला मत दिलं. का, असं विचारलं तर एकच सांगते, तीस बाट. २००१ मध्ये थाक्सिन निवडून आले आणि तीस बाट भरून सरकारी इस्पितळात बहुतेक उपचार मिळू लागले. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. त्यानंतर दोन लष्करी बंडं झाली, कितीतरी सरकारं बदलली, पण ती योजना कुणी मोडू शकलं नाही. मावशीच्या नवऱ्याचं डायलिसिस त्यावरच चालायचं. म्हणूनच २०२३ मध्ये फ्यू थाईने सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला दहा हजार बाट द्यायचं कबूल केलं तेव्हा तिने डोळे मिटून विश्वास ठेवला. सप्टेंबर २०२४ मध्ये पहिला हप्ता सुमारे १ कोटी ४५ लाख गरीब आणि अपंगांना मिळाला, त्यात ती होती. जानेवारीत म्हाताऱ्यांना मिळाला, तिच्या आईला. तिसरा हप्ता सोळा ते वीस वयाच्यांसाठी होता, त्यात मुलीचा नंबर होता. तो मेमध्ये थांबला, आणि नंतर सरकारच गेलं. एका घरात आजीला मिळाले, आईला मिळाले, नात अजून विचारते.

ती नात मूव्ह फॉरवर्डवाली. पहिलंच मत त्यांना दिलं, आणि पक्षच उरला नाही. आईने ज्यांना मत दिलं त्यांचे पंतप्रधान कोर्टाने नेले. मायलेकींत पूर्वी भांडणं व्हायची, आता होत नाहीत. मावशी म्हणते, दोघींचं सारखंच झालं.

अनुतिन यांना चारच महिने मिळणार होते, म्हणून त्यांनी झटपट दिसेल असं काम केलं. खरेदीचे अर्धे पैसे तुम्ही द्या, अर्धे सरकार देईल, दिवसाला दोनशे बाटांपर्यंत. दोन कोटी लोकांसाठी, २९ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर. ही जुनी, कोविडच्या काळातली योजना, नव्याने आणलेली. त्याच्या काही दिवसच आधी राजमाता सिरिकित यांचं निधन झालं होतं. अख्खं सीलोम काळ्या कपड्यांत, आणि दुपारी बाराला हातगाड्यांसमोर काळ्या कपड्यांतल्या रांगा, फोन पुढे करून. मावशीचा पेरू दोन तासांत संपायचा. तिची बहीण मात्र योजनेत शिरली नाही. म्हणाली, आज सरकार पैसे देतंय, उद्याचं सरकार योजनेच्या ॲपमधली विक्री बघून कर लावेल. मला आधी हसू आलं, मग विचार केला की हिशेबनीस म्हणून मी तरी तिला काय वेगळं सांगितलं असतं?

या सगळ्याखाली सीमेवरची लढाई धुमसतच होती. जुलैत पाच दिवस तोफा चालल्या, सुरिनमधल्या फानोम डोंग राक इस्पितळावर गोळे पडले. मावशीची आई शाळेतल्या छावणीत झोपली. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लढाई पुन्हा पेटली, म्हातारी पुन्हा छावणीत. लाखो कंबोडियन मजूर आधीच मायदेशी गेलेले, आमच्या समोरच्या इमारतीचं बांधकाम सहाव्या मजल्यावर अडलेलं. नोव्हेंबरअखेर दक्षिणेत हात याईला पूर आला, शंभराहून जास्त माणसं गेली, आणि सरकारवर लोक चिडले. घटनादुरुस्तीसाठी सिनेटच्या एकतृतीयांश मतांची अट ठेवायची की काढायची, यावरून पीपल्स पार्टी आणि अनुतिन यांचं फाटलं. अविश्वास ठराव यायच्या आत, १२ डिसेंबरला, सभागृह बरखास्त झालं. अनुतिन यांनी शब्द पाळला असं त्यांची माणसं म्हणतात. वेळ बघून पाळला, असं मी म्हणेन. युद्धाच्या दिवसांत झेंडा हातात असलेला माणूस निवडणुकीला सोयीचा असतो.

मतदानाची तारीख ठरली ८ फेब्रुवारी २०२६. काळजीवाहू सरकारला नव्या योजना आणता येत नाहीत, त्यामुळे अर्ध्या-अर्ध्याचा पुढचा भाग लटकला, वीस बाटांची गाडी प्रचाराच्या पत्रकांत परत आली. फ्यू थाईने यादीत योदचानान वोंगसवात यांचं नाव घातलं. ते थाक्सिन यांचे भाचे, २००८ मध्ये न्यायालयाने घालवलेल्या सोमचाय यांचे चिरंजीव. पत्रकं ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर पडलेली असायची. २०२३ मध्ये आम्ही सगळ्याजणी प्रत्येक पक्षाचं पहिलं नाव तेवढं वाचायचो. पी ऑय या वेळी खालून सुरुवात करायची. तिसऱ्या नावावर पूर्वी काही खटला झालाय का, कुणाच्या कंपनीत शेअर आहेत का, हे फोनवर शोधायची, मग दुसऱ्याकडे वळायची. एकदा तर पहिल्या नावापर्यंत पोहोचायच्या आत जेवणाची सुट्टी संपली.